पुस्तक कुणाच्या नावावर

माझ्या मावशीला दर चार आठवड्यांनी इंग्लंडहून पेन्शन येतं. कोथरूडच्या बँकेत त्याचे रुपये होतात, आणि किती झाले ते विचारायला ती स्वतः चालत जाते. मोबाइलवर संदेश येतो, तरी जाते. राणी जाऊन राजा गादीवर आला, पण तिच्या बोलण्यात ते अजून ‘राणीचं पेन्शन’च आहे. काका गेल्यावर 2012 मध्ये ती बिल्स्टनचं घर विकून पुण्याला आली. तेव्हापासून पौंडांतला आकडा जागचा हललेला नाही. ब्रिटिश सरकार तिथल्या पेन्शनरांचं पेन्शन दर एप्रिलला वाढवतं. परदेशी राहायला गेलेल्यांचं मात्र देश पाहून ठरतं. अमेरिकेत गेलात तर वाढतं, फिलिपिन्सला गेलात तरी वाढतं. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे गेलात की गोठतं. “माझ्या नवऱ्यानं पस्तीस वर्षं त्यांची नाडी तपासली, पण मी कुठल्या देशात खुर्ची टाकून बसते यावर माझा भाव ठरतो,” असं ती म्हणते, आणि खरंच खुर्ची टाकून बसते.

पण तिची खरी तक्रार या गोठण्याची नाही. ती त्याच्या खूप आधीची आहे. जे पेन्शन येतं त्यातला मोठा वाटा काकांच्या नोंदीवर येतो. तिच्या स्वतःच्या नावावर काय जमलं, कसं जमलं आणि कुठे बुडालं, ही तिची आवडती गोष्ट. ती सांगताना ती एकदम 1946 सालात जाते. त्या वर्षी ती सांगलीत दोन वर्षांची होती, तरीही जाते. कारण ही गोष्ट तिला तिच्या शेजारणीनं सांगितली होती.

मावशी विलायतेला गेली 1968 च्या शरदात. काका आधी जाऊन वुल्वरहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात लागले होते. त्या शहराचा एक खासदार होता ईनॉक पॉवेल. हाच माणूस 1960 ते 63 आरोग्यमंत्री होता, आणि त्या वर्षांत हिंदुस्थान-पाकिस्तानातल्या डॉक्टरांच्या भरवशावर तिथली हॉस्पिटलं चालत होती. त्याच माणसानं 1968 च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. मावशी पोचली तेव्हा ते भाषण ताजं होतं. रस्त्यात कुणी काही बोललं की काका म्हणायचे, “लक्ष देऊ नकोस, उद्या ताप आला की माझ्याकडेच येतील.” मावशी विलिंग्डन कॉलेजची बी. ए. इतिहास घेतलेला. तिला लक्ष देण्याची सवय होती.

शेजारी एक इंग्रज म्हातारी राहायची. नवरा ओतशाळेतला कामगार, तोवर वारलेला. मुलं चार. मावशी तिला ‘आजीबाई’च म्हणायची, मराठीत, आणि बाईला ते आवडायचं. मावशीचं दुसरं मूल 1973 मध्ये झालं, तेव्हा ही आजीबाई कुंपणावरून हाक मारून म्हणाली, “फॉर्म आणलास का?” तिथे तेव्हा ‘फॅमिली अलाउन्स’ मिळायचा, पण दुसऱ्या मुलापासून. पहिल्याला काही नाही. घरातले सगळे फॉर्म काका भरत. मावशीनं तसं सांगितलं. आजीबाई म्हणाली, “भरू दे त्याला. पण पैसे उचलायचं पुस्तक तुझ्या नावावर घे, आणि पोस्टात तू जा.”

आणि मग तिनं आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या भागात नवरे शुक्रवारी पगाराचं पाकीट आणत, त्यातून घरखर्चाचे पैसे टेबलावर ठेवत आणि बाकीचे खिशात. पाकिटात एकंदर किती होते हे बायकोला कळायचं नाही. आजीबाईलाही आपल्या नवऱ्याचा पगार तो मेल्यावर कळला. 1946 च्या ऑगस्टात फॅमिली अलाउन्स सुरू झाला, दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला 5 शिलिंग. पोस्टाबाहेर बायकांची रांग लागली. तिला तीन मुलांचे 15 शिलिंग मिळाले. लग्नापासून स्वतःच्या सहीनं उचललेला तो तिचा पहिला पैसा. त्यातून काय घेतलं, असं मावशीनं विचारलं. “मुलांचे बूट,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “आणि सिगरेटी.”

ही आईच्या सहीची तजवीज आपोआप झाली नव्हती. एलिनॉर रॅथबोन नावाची खासदारबाई त्यामागे सुमारे तीस वर्षं लागली होती. तिनं 1924 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यातलं तिचं म्हणणं सरळ होतं : कामगाराचा पगार तो एकटा आहे की त्याच्या घरी पाच पोरं आहेत हे पाहून ठरत नाही, म्हणून पोरांचा आणि त्यांना वाढवणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा झाला पाहिजे. 1945 मध्ये सरकारनं अखेर विधेयक आणलं, आणि त्यात पैसे बापाच्या नावावर ठेवले. बाई कडाडली. असं होणार असेल तर ज्यासाठी जन्म घालवला त्या विधेयकाच्याच विरोधात मत देईन, इथवर तिनं ताणलं. सरकारनं सभासदांना मोकळीक दिली आणि ‘बाप’ खोडून ‘आई’ झालं. 1946 च्या जानेवारीत रॅथबोन वारली. ऑगस्टातली पोस्टाची रांग तिनं पाहिली नाही.

हिंदुस्थानाशीही तिचा संबंध होता, आणि तो तितकासा गोड नाही. इथल्या बायकांच्या प्रश्नांवर तिनं लंडनमध्ये 1929 साली परिषद भरवली, तेव्हा धन्वंती रामराव यांनी भर सभेत विचारलं की आमच्या बायकांचे प्रश्न सोडवायला तुम्ही कोण? मावशीला दोन्ही बायका पटतात. “एखादी बाई आपल्या घरात शहाणी असते आणि दुसऱ्याच्या घरात आगाऊ,” असा तिचा निवाडा आहे. तो तिच्या स्वतःच्या सासूलाही लागू होता असं मला वाटतं.

रॅथबोनच्या वेळीच दुसरा माणूस कामाला लागला होता, विल्यम बेव्हरिज. ब्रिटनच्या सगळ्या कल्याणकारी रचनेचा नकाशा त्याच्या 1942 च्या अहवालात आहे. हा गृहस्थ जन्मला बंगालमधल्या रंगपूरला. बाप आय. सी. एस., आणि आई अ‍ॅनेट, जिनं कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली आणि पुढे बाबरनामा आणि गुलबदन बेगमचं हुमायूननामा इंग्रजीत आणलं. अशा विदुषीच्या मुलानं बायकांचं पेन्शन कसं बसवलं? घर सांभाळणाऱ्या बाईचं काम राष्ट्राला अत्यावश्यक आहे, हे त्यानं मान्य केलं, लिहूनही ठेवलं. पण त्या कामाची पेन्शनच्या वहीत नोंद करायची नाही. विवाहितेनं नवऱ्याच्या वर्गणीवर पेन्शन घ्यावं, पुरुषाच्या शंभराला तिचे साधारण साठ. आणि ती बाहेर कामाला गेलीच, तर पूर्ण वर्गणी भरायची की नाही ते तिनं ठरवावं. 5 जुलै 1948 ला ही योजना सुरू झाली, त्याच दिवशी आरोग्यसेवाही सुरू झाली. त्या आरोग्यसेवेनंच पुढे माझ्या काकांना बोलावलं. म्हणजे काकांची नोकरी आणि मावशीचं परावलंबन एकाच तारखेची लेकरं.

वर्गणी म्हणजे नॅशनल इन्शुरन्स. पूर्वी कार्डावर दर आठवड्याला तिकिटं चिकटवत, म्हणून बोलीत तो ‘स्टँप’. विवाहित बाईनं कमी वर्गणी निवडली तर तो ‘छोटा स्टँप’. 1975 पासून वर्गणी पगाराच्या टक्क्यांत आली : 1976 मध्ये पूर्ण भरली तर शंभर पौंडांमागे पावणेसहा, छोटी भरली तर दोन. छोटीत पेन्शन नाही. नोकरी करणाऱ्या बहुसंख्य विवाहिता तीच निवडत. त्यात मूर्खपणा काही नव्हता. आज पोरांच्या तोंडात घास जातो आणि पेन्शन पंचवीस वर्षांनी, तेही नवऱ्याचं आहेच, असा सरळ व्यवहार होता.

मावशीनं 1976 मध्ये गावच्या सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम धरलं. धाकटा तीन वर्षांचा होता, सकाळी पाळणाशाळेत जाऊ लागला होता. पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे कागद आला. संध्याकाळी काका म्हणाले, “छोटा घे, हातात जास्त येतील. पेन्शन माझं आहेच की.” घरात डॉक्टर असला की कागदपत्रांतही तोच डॉक्टर. तिनं सही केली. वर्षभरात वाचलेल्या पैशांतून एक प्रेशर कुकर आला. तो अजून तिच्याकडे आहे, पुण्यात, आणि त्याची शिट्टी मिळत नाही म्हणून माळ्यावर आहे. “हे माझं पेन्शन,” असं ती पाहुण्यांना दाखवते.

ती सही तिनं आणखी थोडी थांबून करायची म्हटली असती, तर करताच आली नसती. कारण वरच्या बाजूला तोवर सगळं बदललं होतं, आणि ते बदलणारी बाई होती बार्बरा कासल. लाल केसांची, ठणठणीत आवाजाची मजूर पक्षाची मंत्री. तिला स्वतःला मूल नव्हतं. तिच्या 1975 च्या पेन्शन कायद्यानं दोन गोष्टी केल्या. छोट्या स्टँपचा मार्ग नव्या बायकांना 1977 च्या मेमध्ये बंद झाला. आणि 1978 च्या एप्रिलपासून ‘होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन’ सुरू झालं. भाषा सरकारी असली तरी कल्पना साधी होती. बाईला पूर्ण पेन्शनसाठी 39 वर्षं भरावी लागत. जितकी वर्षं ती मुलासाठी घरी राहिली, तितकी या 39 तून वजा करायची, जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत, म्हणजे निदान वीस तरी भरलेली हवीत. मूल वाढवणं हे काम आहे असं पेन्शनच्या वहीत तिथे पहिल्यांदा लिहिलं गेलं. मागच्या दारानं आणि वजाबाकीच्या रूपात का होईना, पण लिहिलं गेलं.

आता हे ओळखायचं कसं की बाई मुलासाठी घरी होती? त्याची खूण म्हणजे फॅमिली अलाउन्सच्या जागी आलेल्या ‘चाइल्ड बेनिफिट’चं पुस्तक. ज्याच्या नावावर पुस्तक, त्याचं मूल वाढवणं खरं. पेन्शनच्या नोंदीत दुसरा साक्षीदार नव्हता.

आणि हे चाइल्ड बेनिफिट जन्मतानाच मरता मरता वाचलं. कासलबाईंनीच 1975 मध्ये त्याचा कायदा करून घेतला होता. बापाला पगारावरच्या करात मुलांमागे जी सूट मिळायची ती काढायची आणि तेच पैसे पहिल्या मुलापासून आईला द्यायचे, अशी योजना. नव्या पंतप्रधान कॅलहननी 1976 च्या एप्रिलमध्ये बाईंना घरी बसवलं, आणि मंत्रिमंडळानं योजना गुंडाळायला घेतली. कारण काय? तर पुरुषांच्या पाकिटातले पैसे कमी झाले तर कामगार चिडतील. जूनमध्ये मंत्रिमंडळाचे गुप्त कागदच ‘न्यू सोसायटी’ साप्ताहिकात छापून आले. लेखक फ्रँक फील्ड, मुलांच्या गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेचा प्रमुख. कागद कुणी फोडले याचा पोलिसांनी शोध घेतला, माणूस सापडला नाही. बोभाटा एवढा झाला की सरकारला टप्प्याटप्प्यानं का होईना योजना आणावी लागली. 1977 मध्ये सुरुवात, आणि 1979 च्या एप्रिलपर्यंत पहिल्या मुलालाही धरून दर मुलामागे आठवड्याला 4 पौंड. तो कागद फोडणारा माणूस माल्कम विक्स नावाचा एक तरुण सरकारी नोकर होता, हे त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या आठवणींच्या पुस्तकातून जगाला कळलं. मधल्या काळात तो खासदार झाला आणि 2003 ते 2005 ब्रिटनचा पेन्शनमंत्रीही होता. मावशी साठीची झाली ती नेमकी 2004 मध्ये. तिच्या पेन्शनच्या वेळी खुर्चीवर बसलेल्या माणसानं तिचं पुस्तक वाचवलं होतं, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

पण पुस्तक वाचून मावशीला काय मिळालं?

काकांनी हॉस्पिटल सोडून 1979 मध्ये बिल्स्टनला स्वतःचा दवाखाना घातला. एकटा डॉक्टर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत रुग्ण, मागे स्वयंपाकघर. मावशीनं वाचनालय सोडलं, कारण दवाखान्याचा फोन कोण उचलणार? रात्री दोनला दम्याचा रुग्ण असो की सकाळी सातला प्रसूतीची घाई, पहिला आवाज मावशीचा. वेळा देणं, कार्डं लावणं, घाबरलेल्या आईला ताप मोजायला सांगणं, दारू पिऊन आलेल्याला दारातच चहा देऊन बसवणं. “अर्धं बिल्स्टन मला डॉक्टरीण समजायचं,” ती सांगते, आणि ते खरंच असावं. कारण काकांच्या शोकसभेला आलेल्यांतले निम्मे तिच्याशी बोलत होते असं मावसभाऊ सांगतो. हिशेबनिसानं वहीत तिच्या नावावर पगार दाखवला होता. कर वाचतो ना! पण तो मुद्दाम वर्गणी लागू होते त्या मर्यादेच्या जरासा खाली. म्हणजे कागदावर नोकरी होती, फोनवर तर रात्रंदिवस होती, आणि पेन्शनच्या वहीत शून्य. असं करणारे ते एकटे नव्हते. त्या काळच्या कितीतरी दवाखान्यांत, दुकानांत, कोपऱ्यावरच्या पोस्टांत बायका अशाच मर्यादेच्या एक पाऊल खाली ठेवलेल्या असत.

मुलं तर घरीच होती, पुस्तक तिच्या नावावर होतं. मग वजाबाकी व्हायला हवी होती की. इथे तो कुकर आडवा आला. छोटा स्टँप निवडलेल्या बाईला, ती निवड जिवंत असेपर्यंत, मुलांसाठीची वर्षं मिळत नसत. नोकरी सोडली तरी निवड लगेच मरत नसे. 1978 नंतरची सलग दोन करवर्षं बिनवर्गणीची गेली की मगच ती आपोआप रद्द व्हायची. त्यामुळे मावशीची पहिली दोन वर्षं त्यात गेली. 1978 च्या आधीची, म्हणजे थोरल्याच्या जन्मापासूनची सगळी वर्षं तर कायद्याच्या आधीचीच, ती कुणालाच नव्हती. हाती लागली 1981 पासून धाकटा सोळाचा होईपर्यंतची आठ. दोन मुलं, एकोणीस वर्षं, नोंद आठांची. हा हिशेब ती बोटांवर करून दाखवते.

धाकटा सोळाचा झाल्यावर ती पुन्हा वाचनालयात रुजू झाली, पूर्ण वेळ, पूर्ण स्टँप. साठीपर्यंत पंधरा वर्षं. मग पेन्शनचं पत्र आलं. 39 तून आठ गेली, उरली एकतीस, भरली पंधरा. म्हणजे अर्ध्याहून कमी. नवऱ्याच्या नोंदीवरचे साठ टक्के त्याहून जास्त भरत होते, आणि काका आदल्याच वर्षी पासष्टचे झाले होते, म्हणून तिला साठ टक्क्यांपर्यंत वाढवून मिळालं. साठच, त्याच्या वर नाही. जन्मात एक पेनीही न भरलेल्या बाईला नवऱ्यामागे साठ मिळत होते, आणि पंधरा वर्षं पूर्ण वर्गणी भरून मूळ पेन्शनात मावशीलाही साठच. पत्र वाचून काका म्हणाले, “बघ, मी म्हटलं होतं ना, माझं पेन्शन आहेच.” त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. ही गोष्ट सांगताना ती काकांवर रागावत नाही, आणि मला ते अजून जमत नाही.

तरी तिचं पुस्तक तिच्या नावावर होतं. वुल्वरहॅम्प्टनमधल्या त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मुलांचे सगळे कागद स्वतःच्या नावावर केले होते. वाईट हेतू काहीच नाही, घरात बँकेचं खातं एकच आणि तेही त्यांचं. ते वर्षभर हॉस्पिटलात पूर्ण वर्गणी भरत होते, त्यांना मुलांसाठीच्या वर्षांचा काडीचा उपयोग नव्हता. बायको घरात तीन मुलं वाढवत होती आणि तिच्या नोंदीवर त्यातलं एकही वर्ष चढत नव्हतं.

आणि ज्यांची पुस्तकं स्वतःच्या नावावर होती, त्यांचंही सगळं नीट झालं असं नाही. 2000 च्या मेपर्यंत चाइल्ड बेनिफिटच्या अर्जावर नॅशनल इन्शुरन्सचा क्रमांक घालण्याची सक्ती नव्हती. क्रमांक नाही म्हणजे हा अर्ज कुठल्या बाईच्या खात्याला जोडायचा ते यंत्राला कळेना. हजारो बायकांच्या नोंदीत मुलांसाठीची वर्षं चढलीच नाहीत. थकलेल्या रकमेचा सरकारचा पहिला अंदाज शंभर कोटी पौंडांच्या आसपासचा होता, आणि 2023 च्या शरदापासून त्यांना पत्रं जाऊ लागली. त्याच्याही आधी दुसरं एक प्रकरण फुटलं होतं. नवऱ्याच्या नोंदीवरचे साठ टक्के ज्यांना आपोआप वाढवून मिळायला हवे होते, अशा अनेक विवाहितांना, शिवाय विधवांना आणि ऐंशी उलटलेल्यांना वर्षानुवर्षं कमी पैसे मिळाले होते. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी 2021 मध्ये हिशेब मांडला तो 1,34,000 पेन्शनरांचा आणि शंभर कोटी पौंडांच्या वरचा. त्यातल्या बहुतेक बायकाच. ही बातमी मी मावशीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “म्हणजे वजाबाकी बरोबर करणारं कुणीच नव्हतं.”

आता वजाबाकी राहिलेली नाही. एप्रिल 2010 पासून मूल बारा वर्षांचं होईपर्यंत त्याला वाढवणाऱ्याच्या खात्यात, वर्गणी भरल्यासारखे, आठवड्याआठवड्याचे क्रेडिट जमा होतात. 2016 पासून पेन्शनही नवं आहे. पूर्ण पेन्शनला 35 वर्षं, दहाच्या खाली काही नाही, आणि नवऱ्याचे साठ टक्के नव्या बायकांना बंद. बेव्हरिजची नवरा-बायकोची जोडगोळी संपली. आता ज्याची त्याची वही. 2025-26 मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला 230.25 पौंड होतं. म्हणजे मुलासाठी घरी काढलेल्या एका वर्षाचे आठवड्याला साधारण साडेसहा पौंड, वर्षाला 340 च्या वर. त्या दरानं वीस वर्षं पेन्शन घेतलं तर त्या एकाच वर्षाचे साधारण 6,800 पौंड होतात. 2011 पासून तर नोकरी करणाऱ्या लेकीसुनेची मुलं सांभाळणाऱ्या आजीलाही, ती पेन्शनच्या वयाच्या आतली असेल तर, आईला न लागणारं क्रेडिट मिळू शकतं. पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर नातू सांभाळायला जाणाऱ्या आज्यांची तिथे वहीच नसते, ती गोष्ट वेगळी.

गोम अजूनही कागदातच आहे. 2013 च्या जानेवारीत नियम आला की आईबापांपैकी एकाची मिळकत 50,000 पौंडांच्या वर गेली तर चाइल्ड बेनिफिट करातून परत घ्यायचं. 2024 च्या एप्रिलपासून ती मर्यादा 60,000 झाली. ‘परतच द्यायचे तर मागायचे कशाला’, असं म्हणून पुष्कळ घरांनी अर्जच केला नाही. अर्ज नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून घरी बसलेल्या आईला क्रेडिट नाही. खरं तर अर्ज करून ‘पैसे नकोत’ असं लिहिता येतं, क्रेडिट तरीही मिळतं. 1976 चा “माझं आहेच की” आता इंग्रजीत, लॅपटॉपवर चालतो, एवढाच फरक.

माझी भाची मिल्टन कीन्सला आहे. नवरा आय. टी. त, ती डिपेंडंट व्हिसावर, मुलगी अडीच वर्षांची. पाळणाघराचा खर्च तिच्या होऊ शकणाऱ्या पगाराइतका, म्हणून घरी. तिच्या व्हिसावर सरकारी निधीला हात लावायचा नाही असं छापलेलं आहे, आणि 1999 च्या कायद्यानुसार तिच्यासारख्या बहुतेकांना चाइल्ड बेनिफिट मागता येत नाही. 1973 मध्ये मावशीला तो हक्क होता, 2025 मध्ये भाचीला नाही. पॉवेलच्या भाषणाचे पडसाद मावशीनं ऐकले, पण पोस्टाच्या खिडकीवर तिला कुणी पासपोर्ट विचारला नाही.

इकडचं सांगायचं तर फार सांगण्यासारखं नाही. माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी झाल्यावर मला सांभाळायला कुणी नव्हतं, तिनं राजीनामा दिला. राजीनामा दिला की आधीची सेवा पेन्शनसाठी बाद, असा आपला नियम. नोकरी सोडून मूल वाढवण्याच्या वर्षांची मोजणी आपल्या कुठल्याच पेन्शनच्या वहीत नाही. दोघी बहिणी एकत्र बसल्या की मावशी गोठलेल्या पेन्शनबद्दल बोलते आणि आई ऐकून घेते.

मावशीच्या सांगण्यावरून हे लिहितेय, तेव्हा तिचा निरोप पोचवते. तुमची लेक, सून, भाची तिकडे असेल आणि मुलासाठी घरी असेल, तर तिला विचारा चाइल्ड बेनिफिट कुणाच्या नावावर आहे. जो घरी आहे त्याच्याच नावावर हवं, मग तो बाप का असेना, आणि पैसे नको असले तरी अर्ज हवाच. व्हिसावर असेल तर कायम वास्तव्याचा परवाना हातात पडला की त्याच आठवड्यात अर्ज करायला सांगा, कारण उशीर झाला तर मागचं फक्त तीन महिन्यांचंच मिळतं. आणि जिनं 1978 ते 2010 च्या दरम्यान तिथे मुलं वाढवली, विशेषतः जिचा अर्ज 2000 च्या आधीचा आहे, तिची नोंद तपासून घ्या. वर्षं गळलेली असतील तर सीएफ 411 नावाचा फॉर्म आहे. ती बाई आज हयात नसली, तरी तिच्या वतीनं मुलांना तो भरता येतो.